दाढ तडकली, आता पुढे काय?

भाकरीतला खडा दाताखाली यावा किंवा अडकित्त्याने न कातरता सुपारी थेट दाढेने फोडावी आणि कट्‌कन आवाज व्हावा, हा अनुभव भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या गावांत नवा नाही. त्यानंतर दाढ सतत ठणकतेच असे नाही. घास चावताना मध्येच एक सणक येते आणि लगेच नाहीशी होते. ही सणक अनेकदा दाबताना नव्हे, तर दाब सोडताना येते. तडकलेल्या दाढेची ही महत्त्वाची खूण होय. कॅमेरॉन या दंततज्ज्ञाने १९६४ मध्ये या विकाराला ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ असे नाव दिले.

मोडलेले हाड सांधते, तडकलेला दात सांधत नाही. दातावरचे कवच तयार करणाऱ्या पेशी दात उगवल्यानंतर शिल्लकच राहत नाहीत. म्हणून उपचाराचा हेतू तड बुजविणे हा नसून, ती खोल जाऊ न देणे हा असतो. दाढेची तड बहुधा पुढून मागे जाते. त्यामुळे ती एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. ‘फोटोत काही नाही’ म्हणून निर्धास्त होणे त्यामुळेच घातक ठरते. दंतवैद्य एकेक उंचवटा चाववून पाहतात, दातावर आडवा प्रकाश टाकतात, हिरडीलगत खोली मोजतात.

कवचावरच्या केवळ बारीक रेषांना उपचार लागत नाही. दाढेचा एखादा कोपरा उडाला असेल, तर भराव किंवा टोपी (कॅप) पुरेशी होते. तड आत शिरली, पण नस शाबूत असेल, तर दाढेभोवती धातूचा पट्टा किंवा तात्पुरती टोपी बसवून काही आठवडे वाट पाहतात. कळ थांबली की कायमची टोपी बसवितात. गरम पदार्थाने बराच वेळ ठणका लागत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल, तर नस सुजलेली असते. तेथे आधी रूट कॅनाल व नंतर टोपी, हाच मार्ग.

रुग्णांची चूक नेमकी येथे होते. रूट कॅनालनंतर दुखणे थांबते, शहराच्या फेऱ्या आणि खर्च नकोसा होतो, टोपी राहून जाते. पोखरलेली दाढ मग एखाद्या घासाला दुभंगते. तड मुळापर्यंत गेली, की दाढ काढण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते. मग कवळी, ब्रिज अथवा इम्प्लांट, म्हणजे वाचविलेल्या टोपीहून मोठाच खर्च. छत्रपती संभाजीनगर येथे १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. खासगी दवाखान्याचा खर्च न झेपणाऱ्यांनी तेथे चौकशी करावी.

दंतवैद्यापर्यंत पोहोचेपर्यंत दुसऱ्या बाजूने मऊ अन्न खावे, कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरावी. हिरडीवर वेदनाशामक गोळी दाबून धरण्याची सवय मात्र सोडावी. तिने दुखणे कमी न होता हिरडी भाजते. तसेच गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली, तरी सुपारी सुटलेली नाही. रोज सुपारी फोडणाऱ्याची एक दाढ दुरुस्त झाली, तरी शेजारची तडकण्याचा धोका कायम राहतो.