पाते लांब, वीज कमी

 ओहायोतल्या डेटनमधल्या सायकल दुकानात राइट बंधूंनी ओळखले, की पंख्याचे पाते म्हणजे गोल फिरणारा पंखच. 1901 मध्ये वाऱ्याच्या बोगद्यात काढलेली मोजमापे हाताशी होती. त्यावरून 1903 च्या विमानाचे साडेआठ फुटी लाकडी पंखे तासले. मिळालेल्या शक्तीपैकी सुमारे 75 टक्के ते कामी लावत. ही मजल आजही थक्क करते, कारण ड्रोनच्या चिमुकल्या पात्याला ती गाठणे जड जाते. पाते लहान झाले की हवेचा चिकटपणा जास्त जाचतो.

ड्रोनच्या पंख्यावरचे ‘10×4.5’ म्हणजे 10 इंच व्यास आणि, हवा न घसरता कापली तर, एका फेऱ्यात 4.5 इंच पुढे. जागेवर तरंगताना मात्र व्यासच निर्णायक: 1 किलो तोलायला 10 इंची पंख्याला आदर्श गणिताने 87 वॅट, 5 इंचीला 174. प्रत्यक्षात दोघांना जास्तच.

घरी तपासायचे तर मोटर उंच दांड्यावर, हवा वर फेकेल अशी बसवून दांडा वजनकाट्यावर घट्ट रोवावा. काट्यावर वाढलेले ग्रॅम भागिले वॅट, हाच खरा आकडा. पंख्याच्या पातळीत उभे मात्र राहू नये. तुटलेले पाते त्याच दिशेने उडते.