जुन्या संगणकास नवा मेंदू

घरातील वस्तू जुनी झाली म्हणजे तिच्याविषयी दोन मते पडतात. जो तिचे मोल देतो त्याला वाटते, अजून चार वर्षे ही सहज निघेल. जो तिच्याशी रोज झगडतो त्याला वाटते, आता हिचे दिवस भरले. ज्या घरांत २०१७-१८ च्या सुमारास मुलांसाठी खेळांचा संगणक घेतला गेला, त्या घरांत सांप्रत हाच वाद चालू आहे. नवे खेळ अडखळत चालतात, चित्र मध्येच थबकते आणि मुलगा म्हणतो, "पप्पा, प्रोसेसर बदलून द्या." मागणी मुलाची, पैसा वडिलांच्या घामाचा; आणि दुखणे नेमके कोठे आहे हे मात्र पुष्कळदा दोघांपैकी कोणासच ठाऊक नसते. अशा अंधारात केलेली खरेदी बहुधा वाया जाते. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

दुखणे कोठे आहे?

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू होय. तथापि खेळाचे चित्र पडद्यावर आणण्याचे काम तो एकटा करीत नाही. खेळातील कोण कोठे आहे, चेंडू कोठे पडेल, शत्रू कोणत्या वाटेने येईल, याचा हिशेब प्रोसेसर करतो. आणि त्या हिशेबाबरहुकूम चित्र रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. भातलावणीच्या दिवसांत एक टोळी तरवा उपटून मुठी बांधते व दुसरी टोळी चिखलात लावणी करते, तसाच हा प्रकार आहे. मुठी बांधणारे मागे पडले तर लावणारे हात बांधून उभे राहतात. लावणारे मागे पडले तर मुठींचा ढीग साचतो. कोणती टोळी मागे आहे हे न पाहता माणसे वाढविणारा शेतकरी मजुरी उगाच घालवील.

ही पारख घरीच करता येते व तिला एक पैसाही लागत नाही. ज्या खेळाविषयी तक्रार आहे तोच खेळ सुरू करावा आणि सेकंदाला किती चित्रे निघतात तो आकडा पडद्यावर दिसेल असे करावे. चित्रांच्या संख्येवर घातलेली मर्यादा तेवढ्यापुरती काढून टाकावी. मग चित्राचे आकारमान १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणावे. असे केल्याने ग्राफिक्स कार्डाचे ओझे पुष्कळ हलके होते, प्रोसेसरचे मात्र जवळजवळ तेवढेच राहते. आकडा लक्षणीय वाढला, तर अडचण कार्डाची होती. तो जागचा हलला नाही, तर प्रोसेसर किंवा त्याला माल पुरविणारी रॅम मागे पडते आहे.

येथे एक फसगत संभवते. प्रोसेसर चाळीस टक्केच कामात आहे असे संगणक दाखवितो, आणि त्यावरून तो मोकळा आहे असा समज होतो. वास्तविक अनेक खेळांचा मुख्य भार एकदोन गाभ्यांवरच पडतो. ते थकलेले असतात व उरलेले स्वस्थ बसलेले असतात. सरासरी काढली की ही गोष्ट झाकली जाते. म्हणून या आकड्यापेक्षा वरील चाचणीवर अधिक विश्वास ठेवावा.

त्याहीपूर्वी झाडलोट करावी. सातआठ वर्षांच्या संगणकात धुळीचे थर बसलेले असतात आणि प्रोसेसर व त्याच्या पंख्याखालील धातूचा ठोकळा यांच्यामधील लेप वाळलेला असतो. प्रोसेसर फार तापला की स्वतःस वाचविण्यासाठी तो आपला वेग आपणच कमी करतो. तसेच रॅमची एकच पट्टी असल्यास तिच्या जोडीस तशीच दुसरी बसविल्याने ये-जा करण्याचा मार्ग रुंद होतो. कित्येकदा एवढ्यानेच काम भागते.

खोबण एक, पिढ्या अनेक

चाचणीअंती प्रोसेसरच बदलावयाचा असे ठरले, तर पुढचा प्रश्न येतो : आपल्या मदरबोर्डाच्या खोबणीत काय बसते? बाजारात सर्वांत बलवान काय आहे हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एएमडी कंपनीचा 'रायझन ५ १६००' हा प्रोसेसर एप्रिल २०१७ मध्ये आला व मध्यम बेताच्या खेळांच्या संगणकांतून पुष्कळ वापरला गेला. त्याची खोबण 'एएम४' नावाची. या खोबणीचे भाग्य असे की, पुढे अनेक वर्षे तिच्यासाठी नवनवे प्रोसेसर निघत राहिले. २०२० च्या अखेरीस आलेली ५००० ची मालिकाही तिच्यातच बसते. आरंभीच्या बी३५० सारख्या बोर्डांना ही मालिका चालविण्याची अधिकृत मुभा मात्र २०२२ साली मिळाली. त्यासाठी बोर्डाच्या बायॉस नामक मूळ कार्यप्रणालीची नवी आवृत्ती भरावी लागते. आपल्या बोर्डाचे नाव व क्रमांक पाहून त्याच्या उत्पादकाने दिलेल्या यादीत हवा तो प्रोसेसर आहे की नाही, हे खरेदीपूर्वी तपासावे.

आता एप्रिल २०२२ मध्ये आलेला 'रायझन ५ ५६००' त्या जुन्याच्या शेजारी ठेवून पाहा. दोहोंत सहा गाभे, दोहोंत बारा धागे, दोहोंना ६५ वॉटची मर्यादा. वरवर पाहणारा म्हणेल, "मग बदलले काय?" बदलले ते असे : जुना जास्तीत जास्त ३.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, नवा ४.४ पर्यंत, जुन्याजवळ तिसऱ्या पातळीची कॅशे, म्हणजे हाताशी ठेवलेली झटपट स्मृती, १६ मेगाबाइट, नव्याजवळ ३२, आणि मुख्य म्हणजे एका ठोक्यात नवा अधिक काम उरकतो. केवळ गाभ्यांची संख्या मोजून प्रोसेसर निवडणे म्हणजे बैलांची शिंगे मोजून जोडी घेण्यासारखे आहे.

याच खोबणीत 'रायझन ७ ५८००एक्स३डी' व 'रायझन ७ ५७००एक्स३डी' हेही बसतात. पहिला २०२२ मध्ये आला, दुसरा जानेवारी २०२४ मध्ये. दोहोंत आठ गाभे असून कॅशेचा एक थर दुसऱ्यावर रचल्याने ती ९६ मेगाबाइट झाली आहे. ज्या खेळांत हिशेब प्रचंड असतो, उदाहरणार्थ विमानोड्डाणाचे किंवा मोठमोठे कारखाने उभारण्याचे खेळ, त्यांत या कॅशेचा मोठा लाभ होतो. परंतु त्यांची मर्यादा १०५ वॉटची आहे, आणि ५६०० बरोबर जसा साधा पंखा पेटीतच मिळतो तसा यांच्याबरोबर मिळत नाही. तो खर्च निराळा धरावा. शिवाय घरातील ग्राफिक्स कार्ड २०१६ च्या जीटीएक्स १०६० सारखे असेल व पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवीत असेल, तर हा महाग मेंदू बहुतेक वेळ रिकामाच बसेल. अशा घरास ५६०० पुरेसा आहे, असे आमचे मत आहे.

नावाच्या शेपटाकडेही लक्ष असावे. '५६००जी' मध्ये चित्र काढण्याची सोय आतच असते, म्हणून ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही त्यांना तो उपयोगी. परंतु त्याची कॅशे १६ मेगाबाइटच आहे. कार्ड असलेल्याने एका अक्षराच्या चुकीने तो घरी आणू नये.

इंटेलच्या बाबतीत वाट अधिक अरुंद आहे. तिच्या सातव्या व आठव्या पिढीच्या खोबणीचे नाव एकच, ११५१. तरी २०१७ च्या अखेरीस आलेली आठवी पिढी सातव्या पिढीच्या बोर्डांवर अधिकृतपणे चालत नाही. अशा संगणकाच्या मालकास त्याच पिढीतील वरचा प्रोसेसर जुन्या बाजारात शोधावा लागतो, नाहीतर बोर्डच बदलावा लागतो.

प्रश्न केवळ खेळाचा नाही

"खेळासाठी इतका खर्च कशाला?" असे पालक विचारतील. तो प्रश्न रास्त आहे. परंतु हाच संगणक घरातील बँकेचे व्यवहार, मुलांचे अर्ज, परगावच्या आप्तांशी बोलणे ही सर्व कामे करीत असतो. विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली; नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी त्यापुढे एका वर्षाची मुदत जाहीर झाली होती. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत रायझनची २०१७ ची पहिली पिढी नाही, आणि इंटेलचीही सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचीच आहे. ५६०० त्या यादीत आहे. म्हणजे जो बदल मुलगा खेळासाठी मागतो, तोच बदल घराचे व्यवहार सुरक्षित ठेवण्यासही उपयोगी पडतो. वडिलांनी ही बाजू ध्यानात घ्यावी.

दुसऱ्या बाजूने, संपूर्ण नवा संच घेण्याची घाई करू नये. एएमडीची २०२२ मध्ये आलेली एएम५ खोबण घेतली, तर बोर्डही नवा व डीडीआर५ जातीची रॅमही नवी घ्यावी लागते. आणि २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. जुनाच बोर्ड व जुनीच रॅम ठेवून केवळ प्रोसेसर बदलता येणे, हाच एएम४ वाल्यांचा खरा लाभ आहे. बोर्डच दुखणाईत असेल, तर मात्र त्याच्यावर नवा प्रोसेसर चढवू नये.

बदलताना घ्यावयाची काळजी

बायॉसची नवी आवृत्ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच भरावी. नवा बसविल्यावर संगणक सुरूच झाला नाही, तर ती भरणार कशी? हे काम चालू असता वीज गेली, तर बोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. पावसाळ्यात आपल्या खेड्यांतून वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून यूपीएस जोडल्याशिवाय या कामास हात घालू नये. महत्त्वाची कागदपत्रे व छायाचित्रे आधी दुसरीकडे उतरवून ठेवावीत. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची किल्ली म्हणून मिळालेला लांब क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. मेंदू बदलताच संगणक तो मागण्याचा संभव असतो.

एएम४ प्रोसेसरच्या पोटाशी १३३१ बारीक पिना असतात. वाळलेल्या लेपामुळे तो पंख्याच्या ठोकळ्यास चिकटून खोबणीतून उपटला जातो व पिना वाकतात. यास्तव संगणक थोडा वेळ चालवून लेप कोमट करावा, मग संगणक बंद करून विजेची तार काढावी, आणि ठोकळा सरळ वर न ओढता हळूच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. नवा प्रोसेसर खोबणीत आपल्याच भाराने बसला पाहिजे. तो दाबून बसवू नये. जुन्या बाजारातून घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी पिना उजेडात पाहाव्यात व शक्य असल्यास तो चालवून घ्यावा.

वाचकहो, यंत्राची निवड हा शेवटी घराच्या शहाणपणाचाच प्रश्न आहे. मुलाने मागणी करण्यापूर्वी चाचणी करावी व तिचे आकडे कागदावर मांडून वडिलांपुढे ठेवावेत. वडिलांनीही तो कागद बाजूस न सारता त्याच्याजवळ बसून वाचावा. मग कदाचित दोघांच्या ध्यानी येईल की, रॅमची एक पट्टी व पंख्याखालचा लेप एवढेच पुरे आहे; किंवा प्रोसेसर खरोखरच हवा आहे. निर्णय कोणताही होवो, तो दोघांनी मिळून केलेला असेल, आणि पैसा जेथे हवा तेथेच लागेल.