आदिवासी स्त्रियांवरील अत्याचार आणि शासनयंत्रणेचा प्रतिसाद : देसाईगंज ते वाचाती

प्रास्ताविक

अत्याचाराच्या घटनेचा अभ्यास करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पहिला प्रश्न घटनेचा : काय झाले, कोणी केले? दुसरा प्रश्न प्रतिसादाचा : तक्रार कोणी ऐकली, कशी लिहिली, तपास कोणी केला आणि न्यायालयाने पुराव्याकडे कसे पाहिले? आदिवासी स्त्रियांच्या बाबतीत दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. त्यांच्या गावाजवळ शासनाचे रूप म्हणजे बहुधा पोलीस ठाणे आणि वनखात्याची चौकी. आरोपीच त्या खात्यातला असेल तर दाद मागायला जायचे कुठे?

या टिपणात आपण दोन प्रकरणे पाहणार आहोत. एक महाराष्ट्रातील देसाईगंजचे (१९७२) आणि दुसरे तमिळनाडूतील वाचातीचे (१९९२). पहिल्या प्रकरणाने देशाचा कायदा बदलला. दुसऱ्यात शिक्षा झाली, पण त्यासाठी एकोणीस वर्षे लागली. देसाईगंजचे प्रकरण अनेक पुस्तकांत त्या पीडित मुलीच्या नावानेच ओळखले जाते. येथे ते नाव दिलेले नाही. त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

१. देसाईगंज, १९७२

देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. शेतमजुरी करणाऱ्या, आईवडील नसलेल्या एका आदिवासी मुलीबद्दल तिच्या भावाने पोलिसांत तक्रार दिली होती. तिला कोणीतरी पळवून नेले, असे त्याचे म्हणणे होते. २६ मार्च १९७२ च्या रात्री जबाबासाठी सर्वांना ठाण्यात बोलावले गेले. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगून मुलीला आत थांबवण्यात आले. ठाण्यातील एका शिपायाने बलात्कार केला आणि दुसऱ्या एका पोलिसाने विनयभंग केला, असा तिचा आरोप होता. वैद्यकीय अंदाजाप्रमाणे तिचे वय चौदा ते सोळा वर्षांचे होते. बाहेर लोक जमले, संतापले आणि त्यानंतर तिची फिर्याद नोंदवली गेली. वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी.

पुढचा प्रवास तीन टप्प्यांचा आहे.

(अ) सत्र न्यायालय, १९७४ : दोन्ही आरोपी निर्दोष. शरीरसंबंध आला, पण तो संमतीने, असे न्यायालयाने मानले.

(आ) मुंबई उच्च न्यायालय, नागपूर खंडपीठ, १९७६ : दोघेही दोषी. बलात्काराबद्दल एकाला पाच वर्षे, विनयभंगाबद्दल दुसऱ्याला एक वर्ष. भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा या निकालाचा गाभा होता.

(इ) सर्वोच्च न्यायालय, सप्टेंबर १९७८ : 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालाने दोघेही पुन्हा निर्दोष. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून प्रतिकार झाला नाही, असे अनुमान काढले गेले. कायद्यात 'मृत्यूची किंवा इजेची भीती' असे शब्द होते. रात्रीच्या वेळी ठाण्यात गणवेशातील पोलिसासमोर एकटे असण्याची भीती त्यात बसत नाही, असा या निकालाचा अर्थ झाला.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती आणि शरणागती यांतला फरक न्यायालयाने ओळखला नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. निकाल बदलला नाही, कायदा बदलला.

१९८३ च्या दुरुस्तीतील मुख्य तरतुदी अशा :

१. पोलीस ठाणे, तुरुंग, रुग्णालय अशा ताब्यातील बलात्कारासाठी स्वतंत्र आणि अधिक कडक शिक्षा.

२. अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरायचे. पुरावा कायद्यातील हे कलम ११४-अ. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १२० आहे.

३. खटला बंद दालनात चालवणे.

४. पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई. आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. त्या मुलीचे नाव येथे न देण्याचे कारण हेच. तिच्या खटल्यामुळे इतरांना जे संरक्षण मिळाले, ते तिला स्वतःला मिळाले नव्हते. निदान आपण तरी ते पाळावे.

दुसरी तरतूद नीट समजून घ्यावी. तिने आरोपीला आपोआप दोषी ठरवले नाही. शरीरसंबंध सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावरच राहिला. बदलले ते एवढेच की जखमा नाहीत म्हणजे संमती होती, हा तर्क अशा प्रकरणांत चालेनासा झाला.

२. वाचाती, १९९२

वाचाती हे धर्मपुरी जिल्ह्यातील, सितेरी डोंगराच्या पायथ्याचे मलयाळी या आदिवासी जमातीचे गाव. २० जून १९९२ रोजी चोरट्या चंदनाचा शोध घेण्याच्या नावाखाली वनखाते, पोलीस आणि महसूल खात्याचे कर्मचारी गावात शिरले. घरे लुटली व मोडली गेली, गुरेढोरे मारली गेली, लोकांना मारहाण झाली. १८ मुली व स्त्रियांवर बलात्कार झाले. शंभराहून अधिक गावकऱ्यांना अटक झाली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. ज्यांच्यावर अत्याचार झाला, त्यांच्यावरच चंदनचोरीचे गुन्हे, अशी स्थिती झाली.

राज्याच्या यंत्रणेने सुरुवातीला आरोप नाकारले. आदिवासी संघटना आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांनी प्रकरण न्यायालयात नेले. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९५ मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. एकूण आरोपी २६९ : वनखात्याचे १५५, पोलीस १०८ आणि महसूल खात्याचे ६.

२९ सप्टेंबर २०११ रोजी धर्मपुरीच्या न्यायालयाने निकाल दिला. तोवर ५४ आरोपी मरण पावले होते. उरलेल्या २१५ पैकी प्रत्येक जण दोषी ठरला. त्यांतील १७ जण बलात्काराबद्दल. २९ सप्टेंबर २०२३ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. त्याआधी न्यायमूर्तींनी स्वतः गावाला भेट दिली होती. बलात्कारपीडित प्रत्येक स्त्रीला १० लाख रुपये भरपाई द्यावी आणि तत्कालीन जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक व जिल्हा वनाधिकारी यांच्यावर कारवाई करावी, असाही आदेश झाला. घटनेपासून तोवर एकतीस वर्षे उलटली होती.

३. यंत्रणा कोठे तुटते?

विश्वासार्हतेचा एक साधा नियम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. एकापुढे एक जोडलेल्या घटकांपैकी एक जरी बंद पडला, तरी सारी मालिका बंद पडते. न्यायाची वाटही तशीच आहे : तक्रार, प्रथम खबर, वैद्यकीय तपासणी, तपास, आरोपपत्र, साक्ष, निकाल. असे सात टप्पे. समजा प्रत्येक टप्पा दहापैकी नऊ वेळा नीट पार पडतो आणि टप्पे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. ०.९ चा सातवा घात सुमारे ०.४८ येतो. म्हणजे प्रत्येक टप्पा चांगला चालूनही निम्म्याहून अधिक तक्रारी शेवटपर्यंत पोहोचत नाहीत. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, मोजलेले नाहीत. पण 'पोलिसांनी त्यांचे काम केले', 'डॉक्टरांनी त्यांचे काम केले' असे प्रत्येकाने सांगूनही न्याय का मिळत नाही, ते यातून कळते.

आदिवासी स्त्रीसाठी प्रत्येक टप्पा अधिक अवघड होतो. ठाणे दूर असते आणि तिथे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. तपासणीला उशीर झाला की शारीरिक पुरावा नाहीसा होतो. ती गोंडी, कोरकू किंवा संथाळीत सांगते आणि लिहिणारा राज्यभाषेत लिहितो. पुढे न्यायालयात त्या लिखित जबाबातील एकेका शब्दावर उलटतपासणी होते. त्यात पूर्वग्रहांची भर पडते. आदिवासी समाजातील स्त्रीपुरुषांच्या मोकळ्या वागण्याचा बाहेरचे लोक चुकीचा अर्थ लावतात. जंगलावर जगणाऱ्या माणसाकडे चोर म्हणून पाहण्याची सवय वनखात्याला इंग्रज काळापासून आहे.

अशा मालिकेवर अभियंत्याचा उपाय म्हणजे पर्यायी वाट ठेवणे. पोलिसांनी ऐकले नाही तर महसूल अधिकारी, त्यांनी नाही तर आणखी कोणी. पण सर्व वाटा एकाच कारणाने बंद पडल्या, तर पर्याय असूनही उपयोग नाही. वाचातीत नेमके हेच झाले. ज्या तीन खात्यांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचे, ती तिन्ही खाती त्या छाप्यात एकत्र होती. म्हणून जिल्ह्याच्या आत दाद मिळणे जवळपास अशक्य होते. बाहेरची वाट, म्हणजे उच्च न्यायालय आणि केंद्रीय तपास, उघडली तेव्हाच मालिका पुढे सरकली. ती वाट उघडायलाही तीन वर्षे गेली.

४. आजच्या तरतुदी

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ : यात विशेष न्यायालये, अटकपूर्व जामिनाला मनाई आणि उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याकडून तपास या तरतुदी आहेत. २०१५ च्या दुरुस्तीने आरोपपत्रासाठी ६० दिवसांची मुदत घातली आणि पीडित व साक्षीदारांच्या हक्कांसाठी कलम १५-अ आणले. कलम ४ प्रमाणे कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीच्या नसलेल्या लोकसेवकाला शिक्षा होऊ शकते. साक्षीदारांच्या प्रवासखर्चाचीही तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केले की, राज्य बदलले म्हणून या कायद्याचे संरक्षण संपत नाही. कामासाठी किंवा शिक्षणासाठी परराज्यात गेलेल्यांना हे ठाऊक असावे.

मर्यादाही लक्षात घ्याव्यात. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हा कायदा लागू होत नाही. ज्या भटक्या-विमुक्त समाजांचा या याद्यांत समावेश नाही, त्यांनाही त्याचा आधार नाही. महाराष्ट्रात असे अनेक समाज आहेत.

सर्वसाधारण फौजदारी कायदा : बलात्काराची तक्रार नोंदवण्यास नकार देणे हा लोकसेवकासाठी २०१३ पासून गुन्हा आहे (आज न्याय संहितेचे कलम १९९). बलात्काराच्या आरोपात लोकसेवकावर खटला भरण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने खबर नोंदवून घ्यायची आहे. 'दोन बोटांची चाचणी' करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये बजावले.

ठाण्यातील कॅमेरे : डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण १८ महिने जपण्याचा आदेश दिला. १९७२ मध्ये ठाण्याच्या बंद दाराआड काय झाले, याबाबत मुलीचा शब्द आणि पोलिसांचा शब्द एवढेच समोर होते. पण कॅमेरा चालू राहील, साठवण भरणार नाही आणि चित्रण मागणाऱ्याला ते मिळेल, हे कोणीतरी पाहावे लागते. तुमच्यापैकी काही जण उद्या अशाच यंत्रणा उभारतील. ती जबाबदारी केवळ तांत्रिक नाही.

५. आकडे वाचताना

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अनुसूचित जमातींविरुद्धच्या गुन्ह्यांच्या नोंदी २०२१ मध्ये ८,८०२ आणि २०२२ मध्ये १०,०६४ होत्या. ही सर्व प्रकारच्या गुन्ह्यांची संख्या आहे, केवळ स्त्रियांवरील गुन्ह्यांची नव्हे. शिवाय हे आकडे नोंदींचे आहेत, घटनांचे नाहीत. वाढ झाली म्हणजे अत्याचार वाढले असतील किंवा तक्रार करण्याचे धैर्य वाढले असेल. तसेच एखाद्या जिल्ह्यात आकडा शून्य असेल, तर त्या जिल्ह्यातील ठाण्यात कोणी पोहोचू शकते का, हे आधी तपासावे.

सारांश

देसाईगंजमध्ये मालिका शेवटच्या टप्प्यावर तुटली : पुरावा वाचण्याची रीत चुकली. उपाय होता कायद्यातील गृहीतक बदलणे, आणि तो झाला. वाचातीत ती पहिल्याच टप्प्यावर तुटली : तक्रार ऐकणारेच आरोपी होते. त्यावर उपाय म्हणजे स्वतंत्र तपास, आणि तो अजूनही आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. वाचातीच्या स्त्रियांनी तो मागितला आणि वर्षानुवर्षे साक्षीला येत राहिल्या. कायद्याच्या पुस्तकात जे कलम दोन ओळींत मावते, त्यामागे असा कोणाचा तरी चिवटपणा असतो.

स्वाध्याय

१. 'संमती' आणि 'शरणागती' यांतील फरक देसाईगंज प्रकरणाच्या आधारे स्पष्ट करा.

२. वाचाती प्रकरणात जिल्ह्यातील पर्यायी वाटा का निरुपयोगी ठरल्या?

३. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या दुर्गम गावातून सर्वांत जवळचे पोलीस ठाणे, महिला डॉक्टर असलेले सरकारी रुग्णालय आणि विशेष न्यायालय किती अंतरावर आहे ते शोधा. सार्वजनिक वाहनाने तिन्ही ठिकाणी जाण्यास लागणारा वेळ व खर्च काढा आणि एका दिवसाच्या शेतमजुरीशी त्याची तुलना करा.