हाताला काम, कामाला नाव

आवडीचे काम हेच उपजीविकेचे साधन करावे, छंदातून व्यवसाय उभा करावा आणि त्यातच स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार शोधावा, असा उपदेश अलीकडे तरुणांना सर्रास केला जातो. पदवी घेऊनही नोकरी न लाभलेल्यांच्या कानी तो विशेष पडतो. उपदेश वाईट नाही. पण तो करणारे बहुधा असे गृहीत धरतात की, अंगी कला आणि मनात जिद्द असली की उरलेले सारे आपोआप जुळून येते. कला आणि जिद्द एवढ्याच भांडवलावर व्यवसाय उभे राहत असते, तर केळापूर तालुक्यातील कोलाम पोडांवर आज समृद्धी नांदताना दिसली असती.

केळापूर हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते जगदंबेच्या देवस्थानामुळे. तालुक्याच्या कचेऱ्या पांढरकवड्याला, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही तेथेच. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग पाटणबोरी ओलांडून पैनगंगेवर पोहोचतो आणि नदीपलीकडे आदिलाबादचा मुलूख सुरू होतो. राज्यांची सीमा नदीवर आखली गेली. पण गोंड, कोलाम आणि परधान या समाजांची वस्ती नदीच्या दोन्ही काठांवर आहे. कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर ज्या कोलामांची गणना महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींत होते, त्यांची कोलामी ही द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा. इतिहासकार म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी निजामी राजवटीत अधिकारी असताना या मुलखाचा अभ्यास केला आणि पुढे कोलामी भाषेचे व्याकरणही लिहिले. अशा समाजाकडे सांगण्यासारखे आणि घडविण्यासारखे काही नाही, असे कोणी म्हणणार नाही.

कोलामांच्या हाती बांबूची विद्या आहे. बांबू चिरणे, त्याच्या एकसारख्या कामट्या काढणे आणि त्यांतून टोपली, सूप, तट्टा किंवा कणगी विणणे, हे काम पाहणाऱ्यास सोपे वाटते. स्वतः करू गेल्यास पहिल्याच कामटीला बोट कापते. परधानांच्या गळ्यात आणि किंगरीच्या तारांत गोंडांचा वंशवृत्तान्त साठविलेला असे. देवकार्यात आणि मृत्यूनंतरच्या विधींत यजमान गोंडाच्या घरी त्याच्या पूर्वजांची गाथा गायची आणि बदल्यात धान्य, वस्त्र, क्वचित जनावर स्वीकारायचे, अशी ही वृत्ती होती. आदिलाबादच्या परधानांविषयी मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी नोंदविलेली एक गोष्ट आपण ध्यानी घेण्यासारखी आहे. त्यांची घरातील बोली मराठी. पण गाथा गायची ती गोंडीत. म्हणजे स्वतःची भाषा बाजूस ठेवून दुसऱ्या समाजाची स्मृती पिढ्यान्‌पिढ्या जपणारे हे मराठी भाषक कलावंत होत.

आविष्कार आणि उपजीविका यांची जी सांगड आज नवी कल्पना म्हणून सांगितली जाते, ती या दोन समाजांत जुनीच होती. मग ती तुटली कशी? यजमानांची शेती आणि ऐपत गेली, तसा परधानांचा आश्रय गेला. कोलामांची टोपली मात्र बाजारात येत राहिली. पण ती नावाशिवाय आली. जिच्यावर करणाऱ्याचे नाव नाही त्या वस्तूची किंमत घेणारा ठरवितो, आणि तो ती प्लास्टिकच्या टोपल्याशेजारी ठेवून ठरवितो. विणणाराच्या वाट्याला जे उरते ती मजुरी असते. तिला व्यवसाय म्हणणे ही भाषेची चैन झाली.

कागद देणारा हात

अशाच अनामिक कला इतरत्र उपजीविकेच्या साधन बनल्या आणि त्यांच्या कर्त्यांना नावही मिळाले. ते कसे घडले हे पाहण्यासारखे आहे. त्यात एका मराठी चित्रकाराचा वाटा मोठा आहे, आणि त्याचे नाव आपण जवळजवळ विसरलो आहोत.

१९६६-६७ मध्ये बिहारात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने भास्कर कुलकर्णी मिथिलेत गेले. तेथील स्त्रिया लग्नकार्यात घरांच्या भिंतींवर चित्रे काढीत. कुलकर्णींनी त्यांना कागद दिला आणि भिंतीवरचे चित्र कागदावर काढण्यास सांगितले. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो. दुष्काळात चूल पेटावी एवढाच मूळ हेतू. पण त्या कागदावर प्रत्येकीचा हात वेगळा दिसू लागला. जगदंबा देवींना १९७५ साली, सीता देवींना १९८१ साली आणि गंगा देवींना १९८४ साली पद्मश्री मिळाली. ज्या चित्रांना पूर्वी केवळ गावाची किंवा जातीची ओळख होती, त्यांना व्यक्तींची नावे लाभली.

हेच कुलकर्णी पुढे सत्तरच्या दशकाच्या आरंभी डहाणूच्या वारली पाड्यांवर गेले. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने लिहावा तो सुवासिनींनी. गंजाडजवळच्या पाड्यावर राहणारे जिव्या सोमा म्हसे यांनी मात्र लग्नविधीची वाट न पाहता, रोजच्या रोज आणि स्वतःच्या इच्छेने चित्रे काढण्यास आरंभ केला होता. चौकातील देवीच्या भोवती त्यांनी मासे पकडण्याचे जाळे, मुंग्यांची वारुळे, भाताची खळी, तारप्याभोवती फिरणारा नाच असे आपले सारे जग आणले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले, तोवर वारली चित्र काढून पोट भरणारी एक पिढीच त्या परिसरात उभी राहिली होती.

कुलकर्णींनी यांपैकी कोणालाही चित्र कसे काढावे हे शिकविले नाही. साहित्य दिले, गिऱ्हाईक दाखविले आणि हाताला मोकळीक दिली. आपल्याकडील प्रशिक्षण वर्गांत नेमके उलट घडते. नमुना वरून येतो, रंग वरून येतात, आणि पन्नास शिबिरार्थी पन्नास सारख्या वस्तू करून प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. अशा वर्गातून कारागीर घडत असतील. आविष्कार घडत नाही.

किंगरीपासून कुंचल्यापर्यंत

परधानांच्या बाबतीतही हे घडले. मात्र केळापुरात नव्हे, तर मध्य प्रदेशातील पाटणगढ या गावी. व्हेरियर एल्विन यांचे सहकारी शामराव हिवाळे हे मराठी गृहस्थ या परिसरात दीर्घकाळ राहिले आणि १९४६ मध्ये त्यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर ग्रंथ लिहिला. आश्रय गमावत चाललेल्या गायकांचे चित्र त्यांनी तेव्हाच नोंदविले होते. पुढे १९८१ मध्ये, भोपाळचे भारत भवन उघडण्याच्या तयारीत असताना, चित्रकार ज. स्वामीनाथन यांनी गावोगाव पाठविलेल्या तरुणांना पाटणगढच्या एका भिंतीवर काढलेली चित्रे दिसली. ती काढणारा जनगढसिंह श्याम हा विशीतला परधान मुलगा भोपाळला आला. ज्या देवांना परधानांनी आजवर फक्त गायिले होते, त्यांना जनगढने कागदावर रूप दिले. किंगरी मुकी होत असताना तीच गाथा रंगात उमटली. भोपाळच्या नव्या विधानभवनाच्या भिंतींवरही त्याची चित्रे आली.

त्याच्यामागून गावातील नातलग भोपाळला आले. रात्रपाळीची पहारेकऱ्याची नोकरी केलेले भज्जू श्याम यांनी लंडनच्या मुक्कामावर आधारलेले चित्रपुस्तक २००४ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दुर्गाबाई व्याम यांनी पती सुभाष यांच्यासह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ हे पुस्तक परधान शैलीत चितारले. २०२२ ची पद्मश्री त्यांची. एका गावातील एका समाजाने स्वतःच्या स्मृतीवर उभारलेला हा व्यवसाय आज जगभर ओळखला जातो.

पण या कथेची दुसरी बाजू सांगितल्यावाचून ती पुरी होत नाही. जुलै २००१ मध्ये जपानमधील मिथिला संग्रहालयात चित्रे काढण्याच्या कामावर असताना जनगढसिंह यांनी आत्महत्या केली. वय चाळिशीच्या आसपास होते. लोककलावंतांना परदेशी नेताना होणारे करार, त्यांचे मानधन आणि मुक्काम यांविषयी देशातील चित्रकारांनी तेव्हा संतप्त प्रश्न विचारले. नाव झाले, दालने मिळाली, तरी आपला वेळ आपल्या हाती राहिला नाही तर कलावंत पुन्हा मजूरच होतो, हा या मृत्यूचा धडा आहे.

वारली चित्रांचीही वेगळी शोकांतिका आहे. २०१४ मध्ये त्यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला. तरीही त्या आकृत्या चादरींवर, कपबश्यांवर आणि कार्यालयांच्या भिंतींवर कोणाच्याही हातून छापल्या जातात, आणि त्यातील पैसा पाड्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. निर्देशांक समाजाच्या नावाचे रक्षण करू पाहतो. करणाऱ्या माणसाचे नाव आणि मोल त्याने आपोआप ठरत नाही.

बांबूचे कायदे, बांबूचे हात

चित्राला कागद पुरतो. टोपलीला बांबू हवा. येथे कोलामांची अडचण मिथिलेच्या स्त्रियांहून बिकट होती. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरविले, आणि ज्याच्या दारात जंगल त्यालाच बांबू तोडणे गुन्हा झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज मानले. तरी प्रत्यक्ष हक्क मिळविण्यास गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २०११ पर्यंत झगडावे लागले. त्या वर्षी वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेच्या हाती आले आणि गावाने आपला बांबू स्वतः विकला. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरच्या जमिनीवरील बांबूही झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. जी गोष्ट बुरूड आणि कोलाम पूर्वापार जाणत होते, ती मान्य करण्यास कायद्याला नव्वद वर्षे लागली.

कच्चा माल मोकळा झाल्यावर हात काय करू शकतात, याचे उदाहरण विदर्भातच आहे. मेळघाटातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभारले. टोपलीवर थांबलेली विद्या त्यांनी कोरकू तरुणांच्या हातून फर्निचरपर्यंत, घरांपर्यंत आणि राखीपर्यंत नेली. सुनील देशपांडे २०२१ मध्ये गेले. पण बांबूकाम हे मागासलेपणाचे लक्षण नसून रचनेची विद्या आहे, हा त्यांचा आग्रह मागे राहिला आहे. शासनानेही २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत टोपल्या, चटया आणि झाडू करणाऱ्यांना अठरा व्यवसायांत स्थान दिले असून, पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाची सोय केली आहे. सोय स्वागतार्ह आहे. मात्र अनामिक टोपली विकून हे कर्ज फेडायचे असेल, तर कर्जाचा हप्ता हेच नवे ओझे होईल.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. बाजारात गेलेली कला बिघडते, असे एक पक्ष म्हणतो. बिघडते हे खरे आहे. घाईने काढलेली शेकडो वारली चित्रे त्याची साक्ष देतील. पण बाजार टाळल्याने कला शुद्ध राहत नाही, ती करणाऱ्याबरोबर संपते. शुद्धतेची चिंता वाहणारे स्वतः महिन्याच्या पगारावर निर्धास्त असतात, हेही विसरून चालणार नाही. दुसरा पक्ष म्हणतो, प्रत्येक जण काही जिव्या म्हसे होत नाही. होणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. प्रत्येक शिक्षक पुरस्कारप्राप्त नसतो, तरी त्याच्या नेमणूकपत्रावर त्याचे नाव असते आणि वेतनश्रेणी ठरलेली असते. सामान्य कारागिराला तेवढीच प्रतिष्ठा मिळावी, एवढेच मागणे आहे.

ते मागणे पुरे करण्यासाठी दिल्ली-मुंबईकडे पाहण्याचे कारण नाही. प्रकल्प कार्यालयाने विक्रीस ठेवलेल्या प्रत्येक वस्तूवर ती करणाराचे नाव आणि गाव लिहिलेली चिठ्ठी बांधावी. ग्रामसभांनी वनहक्काचे दावे करताना तेंदूबरोबर बांबूचाही विचार करावा आणि गावातील विणणाऱ्यांचा वाटा आधी काढून ठेवावा. प्रशिक्षणात नमुना देण्यापूर्वी शिकाऊ माणसाला त्याचा स्वतःचा नमुना विचारावा. शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला पोडावरील एखाद्या आजोबांना बोलवावे, आणि त्यांचे मानधन इतर पाहुण्या वक्त्यांइतकेच ठेवावे. वर्गातील कोलाम मुलाला आपल्या बापाचे काम फळ्यापुढे उभे राहून सांगता आले, तर ते काम पुढे चालविण्याचा विचार तरी तो करील. लाज वाटणाऱ्या कामाचा व्यवसाय कोणी करीत नाही.

आणि आपण, जे बाजारात सूप घेताना पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, त्यांनी पुढच्या वेळी किमतीच्या आधी विणणाराचे नाव विचारावे. तरुणांना छंदातून व्यवसाय उभारण्याचा उपदेश करण्याचा अधिकार त्यानंतर आपल्याला थोडाफार प्राप्त होईल.