मजा करायला पैसे भरतो का, डॉक्टर?

सोमवारच्या ओपीडीत तेरा वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली. तक्रार साधी होती. पोटात दुखते. पण दुखण्याचा वार ठरलेला होता, दर शनिवारी सकाळी. सोनोग्राफी झाली होती, रक्त-लघवी तपासून झाली होती, जंताचे औषधही देऊन झाले होते. सगळे व्यवस्थित. शनिवारी काय असते, असे विचारल्यावर वडिलांनी पिशवीतून एक वही काढली. मुलगी दीड वर्षापासून एअर रायफल शिकत होती. शनिवारी रेंजवर साठ शॉटची चाचणी असायची आणि प्रत्येक चाचणीचे गुण या वहीत लिहिलेले होते. वाढले की निळ्या शाईत, घटले की तांबड्या.

मी मुलीला विचारले, ‘‘रेंजवर शेवटची मजा कधी आली होती गं?’’ तिने क्षणाचाही विचार न करता सांगितले, ‘‘उन्हाळी शिबिरात. शेवटच्या दिवशी सरांनी फुगे लावले होते.’’ वडील वैतागून म्हणाले, ‘‘मजा करायला एवढे पैसे भरतो का, डॉक्टर?’’

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. नेमबाजी स्वस्त खेळ नाही. रायफल, छर्रे, जाड कापडाचे जॅकेट, रेंजची फी हे सगळे पगारातूनच जाते. पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. म्हणजे नवी मुंबईच्या मुलांना हा खेळ आता दूरचा राहिलेला नाही. त्यामुळे मजा किती आणि मेहनत किती, या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्रात शोधून पाहणे गरजेचे आहे.

नेम धरताना शरीरात काय घडते

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात. खांद्यापासून साधारण मीटरभर पुढे असलेले नळीचे टोक एका मिलिमीटरने हलले, तर दहा मीटरवर जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक पडतो.

आणि आपले शरीर कधीच स्थिर नसते. निरोगी माणसाच्या हातालाही सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक कंप असतो. श्वासाबरोबर छाती वर-खाली होते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याने बंदूक किंचित हलते. म्हणून नेमबाज श्वास सोडल्यानंतरच्या नैसर्गिक विसाव्यात चाप दाबतात. अनुभवी नेमबाजांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली आहे. त्यांचे शॉट बहुतेकदा दोन ठोक्यांच्या मधल्या शांत वेळेत सुटतात. नवशिक्यांचे कधीही सुटतात. हे कोणी मोजून करत नाही, हजारो शॉटनंतर शरीरालाच ते कळू लागते.

आता यात भीती मिसळून पाहा. ‘आज गुण कमी पडले तर बाबा तांबड्या शाईने लिहितील’ हा विचार आला की अॅड्रिनलिन वाढते. नाडी जलद होते, दोन ठोक्यांमधला विसावा आखडतो, कंप वाढतो आणि श्वास छातीत वर अडकतो. पोटाचे स्नायूही आवळतात. त्या मुलीच्या पोटदुखीचे कारण सोनोग्राफीत दिसणारे नव्हते. दुखणे मात्र खरे होते, ढोंग नव्हते.

जत्रेतला फुगा काय शिकवत नाही

मग नुसते फुगे फोडून चालेल का? नाही. जत्रेतल्या फुग्याला दोनच निकाल माहीत असतात, फुटला किंवा नाही फुटला. मधोमध लागले की कडेला, चाप झटक्याने ओढला की हळू दाबला, यातले काहीच त्यातून कळत नाही. तासभर फुगे फोडून आनंद मिळेल, नेम सुधारणार नाही. उलट झटका देण्याची सवय पक्की व्हायची.

आपला मेंदू कौशल्य शिकतो ते अपेक्षा आणि निकाल यांतल्या फरकातून. ‘असे होईल’ असे वाटले आणि वेगळे झाले, की मेंदू हिशेब दुरुस्त करतो. म्हणून जाणते प्रशिक्षक एक साधी सवय लावतात. शॉट सुटला की पडद्याकडे न बघता आधी सांगायचे, ‘उजवीकडे खाली, साडेनऊ.’ मग बघायचे. याला शॉट कॉल करणे म्हणतात.

यात मजा आणि शिक्षण वेगळे राहत नाहीत. मुलांसाठी हा ओळखण्याचा खेळ असतो. मेंदूसाठी तो नेमका हवा तसा सराव असतो. नऊचा शॉट मारून ‘नऊ’ असे अचूक ओळखणारा मुलगा, दहा मारून चकित होणाऱ्यापेक्षा जास्त शिकत असतो. पण वहीत फक्त आकडे लिहिले तर हे शिकणे कुठेच दिसत नाही.

सहाव्या स्थानावरून

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरावा लागतो. १ ऑगस्टच्या अंतिम फेरीत पहिला, गुडघ्यावरचा टप्पा संपला तेव्हा तो सहावा होता. शेवटी ४५१.४ गुणांसह तिसरा आला. १९५२ साली खाशाबा जाधवांना मिळालेल्या पदकानंतर महाराष्ट्राला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

सामन्यानंतर तो जे बोलला ते डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचे वाटते. सकाळी काही खाल्ले गेले नव्हते, पोटात गोळा आला होता, नुसता कोरा चहा घेतला होता. म्हणजे पोट त्याचेही आवळले होते! फरक असा की त्याने श्वासावर लक्ष ठेवले आणि वेगळे काही करून पाहायचे टाळले. सहाव्या स्थानावर असताना ज्याचे लक्ष आकड्यावर नसून पुढच्या शॉटवर राहते, त्याला ती सवय अंतिम फेरीत अचानक लागत नाही. ती लहानपणापासून, रोजच्या सरावात लागलेली असते. कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि पदक मिळाले तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. तेराव्या वर्षी पोट दुखणाऱ्या मुलीच्या आईवडिलांनी हे वय लक्षात ठेवावे.

गोळी मागू नका

त्या वडिलांनी जाताजाता हळू आवाजात विचारले, ‘‘हात थरथरू नये म्हणून एक गोळी मिळते म्हणे?’’ मिळते. प्रोप्रॅनोलॉल तिचे नाव. ती नाडी मंद करते आणि कंप कमी करते. बीटा-ब्लॉकर गटातील ही औषधे म्हणूनच नेमबाजीत स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद आहेत. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याची दोन पदके याच औषधामुळे काढून घेतली गेली.

पदकाची गोष्ट सोडा. दमा असलेल्या मुलाला ही गोळी दिली तर श्वासनलिका आवळून जीवावर बेतू शकते. शेजाऱ्याच्या रक्तदाबाच्या पाकिटातून, मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने ती कधीही देऊ नये. दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांनी दिली असेल तर स्वतःहून अचानक बंदही करू नये.

शिस्तीशिवाय मजा

दुसऱ्या टोकाचे रुग्णही येतात. मित्रांबरोबर एका फार्महाऊसवर गेलेला एक तरुण डोळ्याखाली छर्रा घेऊन आला होता. हवेच्या बंदुकीने बाटल्या फोडत होते, छर्रा कठीण जागेवर आपटून उलटला. बोटभर वर लागला असता तर डोळा गेला असता. ‘‘खेळण्यातली बंदूक होती,’’ असे तो म्हणत होता.

छर्रा खेळण्यातला नसतो. सराव गंभीर असो की गमतीचा, काही नियम बदलत नाहीत. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेला. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. बंदूक भरलेली आहे असेच समजायचे. डोळ्यांवर चष्मा. अग्निशस्त्रांच्या रेंजवर कानांना संरक्षण हवेच, कारण त्या धमाक्याचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि एकाच दणक्याने कानाच्या आतल्या पेशी कायमच्या मरू शकतात. घरी आल्यावर कानात शिटी वाजत राहिली तर दोन दिवस वाट पाहू नका, लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जा.

आणखी एक गोष्ट दिसत नाही म्हणून विसरली जाते. छर्रे बहुधा शिशाचे असतात. लहान मुले पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषून घेतात, आणि लोह कमी असेल तर आणखी जास्त. रक्तातली शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी ज्ञात नाही. म्हणून छर्रे तोंडात धरायचे नाहीत, रेंजवर वडापाव खायचा नाही, निघताना साबणाने हात धुवायचे. जिथे खऱ्या गोळ्या चालतात तिथले कपडे वेगळे धुवायचे. रेंज कोरडी झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावी.

एका तासाची वाटणी

त्या वडिलांना मी कागदावर एक वेळापत्रक लिहून दिले. ते कोणत्या पुस्तकातले नाही, माझ्या अनुभवाचे आहे. स्वतः मी पन्नाशीनंतर एअर पिस्तूल हातात घेतले. चाळिशीच्या चष्म्यातून पुढची माशी स्पष्ट दिसते की लक्ष्य, या भांडणात माझे पहिले दोन महिने गेले.

पहिली दहा मिनिटे छर्रा न घालता फक्त उभे राहणे, श्वास आणि चाप. पुढची पस्तीस मिनिटे खरा सराव, दहा-दहा शॉटचे गट, आणि एका गटात एकच उद्दिष्ट, उदाहरणार्थ ‘चाप हळू’. नेम आठ-दहा सेकंद धरूनही शॉट सुटला नाही तर बंदूक खाली घ्यायची. शेवटची पंधरा मिनिटे खेळाची. शॉट ओळखण्याची पैज, मैत्रिणीबरोबर एकेका शॉटचा सामना, किंवा चक्क फुगे. खेळ कोणता ते मुलीने ठरवायचे, कारण निवड स्वतःच्या हाती असली की शिकणेही चांगले होते. आठवड्यातला एक दिवस बिनगुणांचा.

खेळ शेवटी ठेवण्याचे कारण आहे. तोपर्यंत खांदे आणि कंबर थकलेली असतात. थकल्या अंगाने गंभीर सराव केला तर शरीर चुकीची हालचाल पाठ करते. शिवाय आज शिकलेले मेंदूत मुरते ते रात्रीच्या झोपेत. पहाटे पाचला उठवून क्लास, शाळा आणि रेंज यांत झोपेचे दोन तास कापले, तर सरावाचे पैसे तिथेच वाया जातात.

वाढत्या वयात रायफल घेऊन कमरेतून मागे झुकून उभे राहिल्याने पाठीच्या खालच्या भागावर एकाच बाजूने ताण येतो. त्यामुळे पोट-पाठीचे व्यायाम आणि पोहणे-धावणे यासारखा दुसरा खेळ चालू ठेवावा. कंबरदुखी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, स्पर्धेच्या आधी झोप उडू लागली, किंवा मूल रेंजवर जायलाच नको म्हणू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. यातले शेवटचे लक्षण आळस समजून दडपले जाते, म्हणून मुद्दाम सांगतो.

दोन महिन्यांनी बापलेक पुन्हा आले, तेव्हा साध्या सर्दीसाठी आले होते. शनिवारची पोटदुखी थांबली होती. वही होती, पण आता तिच्यात लिहिणारी मुलगी होती, एकाच पेनाने. गुणांच्या शेजारी दुसरा रकाना होता, ‘ओळखले किती’. शेवटच्या पंधरा मिनिटांत वडीलही मागे उभे राहून शॉट ओळखतात, असे तिने सांगितले. ‘‘बाबा रोज हरतात,’’ ती म्हणाली. गुण वाढले का, ते मी विचारले नाही. वडिलांनीही सांगितले नाही.