परवाना मिळाल्यानंतर

अठरावें वर्ष पुरें झालें कीं बहुतेक घरांतून मोटारसायकलीचा विषय निघतोच. मुलगा किंवा मुलगी परिवहन कार्यालयाच्या आवारांत जाते, पाय न टेकतां आठाचा आकडा काढून दाखविते, आणि कांहीं दिवसांनीं परवाना घरीं येतो. त्या दिवसापासून शिक्षण संपलें असें घर धरून चालतें. तिशीच्या आंत काढलेला परवाना, २०१९ सालच्या कायद्यांतील दुरुस्तीनंतर, वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो. आणि मुदत टळण्यापूर्वीं नवा करून घेतला तर पुन्हां परीक्षाही द्यावी लागत नाहीं. म्हणजे अठराव्या वर्षीं जें आलें त्याच भांडवलावर अर्धें आयुष्य काढतां येतें.

परंतु आठाचा आकडा काढतांना गाडीचा वेग पायीं चालणाऱ्या माणसाहून फारसा अधिक नसतो. त्या परीक्षेंत तोल कळतो, आणि तोही मोकळ्या, कोरड्या जागेंतला. रस्त्यावर खरा प्रसंग येतो तेव्हां वेग चौपट असतो, समोर कोणी अचानक आडवें आलेलें असतें, आणि विचाराला एक-दोन सेकंदांहून अधिक अवकाश नसतो. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. त्यांपैकीं ७४,८९७ माणसें, म्हणजे शेंकडा ४४ हून अधिक, दुचाकीवर होतीं. परवाना मिळाल्यानंतरच्या शिक्षणाचा प्रश्न या आंकड्यांतून उभा राहतो.

हा प्रश्न प्रथम कसोशीनें तपासणाऱ्यांत अमेरिकेंतील हॅरी हर्ट यांचें नांव घ्यावें लागतें. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वतीनें त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं लॉस एंजलिसच्या परिसरांतील ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. तिचा अहवाल १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. अपघातांत सांपडलेल्यांपैकीं शेंकडा ९२ चालक स्वतःच, किंवा घरच्यांकडून वा मित्रांकडून शिकलेले होते. दुसऱ्या वाहनाशीं झालेल्या टकरींपैकीं सुमारें दोन-तृतीयांश टकरींत चूक त्या वाहनाच्या चालकाची होती. त्याला मोटारसायकल दिसलीच नव्हती, किंवा फार उशिरां दिसली. पण अहवालांतील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. संकट दिसल्यावरही पुष्कळांनीं मागचा ब्रेक वाजवीपेक्षां जोरानें दाबून चाक घसरविलें, आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाहीं. चूक दुसऱ्याची होती. पण वांचण्याचा जो उपाय स्वतःच्या हातांत होता, तो हाताला शिकविलेला नव्हता.

पुढच्या ब्रेकविषयींची भीति आपल्याकडे सायकलीपासून चालत आलेली आहे. ‘पुढचा दाबलास तर उलटशील’ असें मुलांना लहानपणींच बजावलें जातें. वस्तुतः गाडी थांबूं लागली कीं तिचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचें चाक हलकें होतें. ज्या चाकावर भार अधिक, त्याची रस्त्यावरील पकड अधिक. म्हणून थांबविण्याचें मुख्य काम पुढचें चाकच करूं शकतें. हिशेब करून पाहिला तर फरक किती मोठा आहे हें ध्यानांत येईल. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर पुढें जाते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरणारा चालक ब्रेक लागल्यापासून सुमारें १८ मीटरांत थांबूं शकतो. केवळ मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवणाऱ्याला ४० मीटरांच्या आसपास लागतात. दोघे शेजारीं शेजारीं निघाले, तर जेथें पहिला उभा राहिला तेथून दुसरा अजून ताशीं ४० किलोमीटरांहून अधिक वेगानें पुढें जात असतो. त्या जागीं एखादें मूल उभें असेल, तर या फरकाचा अर्थ निराळा सांगावयास नको.

मात्र पुढचा ब्रेक एकदम आवळावयाचा नसतो. प्रथम हलका दाब द्यावा, भार पुढें येऊं द्यावा, आणि मग दाब वाढवीत न्यावा, असा त्याचा क्रम आहे. एप्रिल २०१९ पासून भारतांत १२५ घन सेंटिमीटरांहून मोठ्या नव्या मोटारसायकलींना चाक अडकूं न देणारी एबीएस यंत्रणा बंधनकारक झाली. ती मोठी सोय आहे. परंतु जो हात पुढच्या ब्रेककडे जातच नाहीं त्याला यंत्रणा काय साह्य करणार? ही संवय वाचून लागत नाहीं. मोकळ्या मैदानांत, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीं, कमी वेगापासून आरंभ करून तीच क्रिया पुनःपुन्हां करावी लागते.

दुसरा धडा वळण्याचा. वेगांत असलेली दुचाकी डावीकडे वळवावयाची तर हँडलची डावी बाजू किंचित् पुढें ढकलावी लागते. म्हणजे चाक क्षणभर उजवीकडे जातें, गाडी डावीकडे कलते आणि मग डावीकडे वळते. ऐकतांना हें उलटें वाटतें, तरी प्रत्येक चालक नकळत हेंच करीत असतो. सायकलीचा धंदा करीत असतांना विल्बर राइट यांच्याही ध्यानांत ही गोष्ट आली होती, आणि सायकल चालविणाऱ्यांना तिचा पत्ताही नसतो याचें त्यांना नवल वाटलें होतें. नकळत होणारी ही क्रिया जाणून करतां येऊं लागली, म्हणजे अकस्मात् आलेला खड्डा किंवा आडवें आलेलें कुत्रें चुकवितां येतें.

तिसरा धडा नजरेचा, आणि तो कदाचित् सर्वांत कठीण. माणूस जिकडे पाहतो तिकडे त्याचे हात जातात. घाटाच्या वळणावर घाबरलेला चालक कठड्याकडे पाहत राहतो आणि कठड्यावरच जाऊन आदळतो. म्हणून संकटाकडे नव्हे, तर निसटावयाच्या वाटेकडे पाहण्याचा अभ्यास करावा लागतो. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा दूर जेथें एकत्र आल्यासारख्या दिसतात, तो बिंदु पुढें सरकत असेल तर रस्ता मोकळा होत आहे. तो जवळ येऊं लागला तर वळण आवळत आहे, वेग कमी करावा. दिसणाऱ्या मोकळ्या रस्त्यांतच थांबतां यावें, हा नियम ताम्हिणीच्या धुक्यांत जितका खरा, तितकाच पुण्याच्या पेठेंतील बोळाच्या तोंडाशीं.

इंग्लंडांत ही सर्व विद्या पोलिसांनीं पद्धतशीर केली. लंडनच्या पोलीस दलानें १९३० नंतरच्या दशकांत हेंडन येथें वाहन चालविण्याची शाळा काढली. लॉर्ड कॉटनहॅम या शर्यतींतील जाणकारानें तिच्या शिक्षणाला शिस्त लावली. तेथील मुख्य शिकवण अशी कीं, प्रथम माहिती घ्यावी, मग रस्त्यावरील आपली जागा ठरवावी, मग वेग, मग गिअर, आणि शेवटीं गति वाढवावी. पुढें ब्रिटनमध्यें सामान्य परवानाधारकांसाठीं पोलिसांनीं उपक्रम सुरू केले. त्यांत पोलीस चालक मागून येतो, पाहतो, आणि थांबल्यावर दोष सांगतो. स्वतःचे दोष स्वतःला दिसत नाहींत, हेंच या पद्धतीचें मर्म होय.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. नॉर्वेमध्यें नवख्या मोटारचालकांना निसरड्या जमिनीवर गाडी सांवरण्याचें शिक्षण देण्यांत आलें, तेव्हां तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजीं वाढल्याचें १९८० नंतरच्या दशकांतील अभ्यासांत आढळलें. कसब आलें म्हणून धीट झालेला चालक अधिक वेगानें जाऊं लागतो, आणि मिळविलेलें सर्व गमावतो. मोटारसायकलीच्या शिक्षणाविषयींच्या संशोधनाचा २०१० सालीं एकत्र आढावा घेतला गेला. त्यांतही, झालेले प्रयोग सदोष असल्यानें शिक्षणानें अपघात किती कमी होतात हें ठामपणें सांगतां येत नाहीं, असाच निष्कर्ष निघाला. म्हणून शिक्षणाचा खरा कस असा कीं, त्यानें चालक अधिक सावध व्हावा, अधिक शूर नव्हे. संकटांतून सुटण्याची कला शिकवितांना संकट येऊं न देण्याची कला जी शाळा विसरते, ती धोक्याचीच समजावी.

पहिल्या पावसाच्या दिवशीं रस्त्यावर तेल आणि धूळ यांचा राप पाण्यांत मिसळतो. पांढरे पट्टे आणि गटारांचीं लोखंडी झांकणें साबणासारखीं होतात. त्या दिवशीं मागें बसलेल्या माणसाचा जीव पुढच्याच्या दोन हातांत असतो. आपल्या मुलाला गाडी घेऊन देतांना वडील तिची किंमत, ती लिटरमागें किती जाते आणि तिचा रंग यांची चौकशी करतात, शिरस्त्राणही घेतात. त्या खरेदींत दोन दिवसांच्या शिक्षणाची फी घातली तर गाडीच्या किंमतीपुढें ती नजरेंतही भरणार नाहीं. आणि वडील स्वतः पंचवीस वर्षें गाडी चालवीत असले, तर त्यांनींही मुलाबरोबर मैदानांत उतरावें. पंचवीस वर्षांचा अनुभव पुष्कळदां एकाच वर्षाच्या चुकांची पंचवीस वेळां केलेली उजळणी असतो.