परक्या कायद्याचं एक वर्ष

१९५८ साली सोफिया कोर्राडी नावाची एक तरुणी अमेरिकेहून रोमला परतली. रोमच्या ला सापिएन्झा विद्यापीठात ती कायदा शिकत होती. पदवीच्या थोड्या परीक्षा बाकी असतानाच तिला फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली, आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाऊन तिने तौलनिक कायद्याची मास्टर्स पदवी मिळवली. ते प्रमाणपत्र घेऊन ती आपल्या विद्यापीठाच्या कचेरीत गेली. हा अभ्यास उरलेल्या परीक्षांच्या हिशेबात धरावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. कचेरीने तिला इतरांसमोर झिडकारलं. परदेशातलं वर्ष म्हणजे जणू मौजमजा, आता अभ्यासाला लागा, असा एकंदर सूर. उरलेल्या परीक्षा तिला रोममध्येच द्याव्या लागल्या.

हा अपमान तिने गिळला नाही. पुढे शिक्षणशास्त्राची प्राध्यापक झाल्यावर आणि इटलीतल्या कुलगुरूंच्या परिषदेची सल्लागार म्हणून काम करताना तिने एकच मागणी लावून धरली: विद्यार्थी दुसऱ्या देशात जे शिकून येईल, ते मायदेशीच्या पदवीत मोजलं गेलं पाहिजे. १९६९ मध्ये तिने त्याचं टिपण लिहून दिलं. १५ जून १९८७ रोजी युरोपीय समुदायाने ‘इरॅस्मस’ योजना मंजूर केली. पहिल्या वर्षी तिच्यातून ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले. आजवर दीड कोटींहून अधिक लोकांनी या योजनेचा लाभ घेतला आहे. इटलीत कोर्राडीबाईंना ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणत. ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी त्या गेल्या.

जगातली ही सर्वांत मोठी विद्यार्थी-देवाणघेवाण कायद्याच्या विद्यार्थिनीच्या तक्रारीतून उभी राहिली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण परदेशी वर्ष मोजून घेणं सगळ्यांत अवघड कुठे असेल, तर ते कायद्याच्या शाखेतच. रसायनशास्त्र पुण्यात आणि पॅरिसमध्ये एकच असतं. कायदा मात्र सरहद्द ओलांडली की बदलतो. ज्या देशात वकिली करायची नाही, तिथला करार कायदा वर्षभर घोकून काय हाती लागणार, हा कुठल्याही पालकाचा प्रश्न रास्तच आहे.

पूर्वी तसं नव्हतं. बाराव्या शतकात बोलोन्याला युरोपभरातून मुलं येत ती मुख्यतः कायदा शिकायला. तिथे शिकवला जाई तो सम्राट जस्टिनियनचा रोमन कायदा, आणि तोही सर्वांना समान असलेल्या लॅटिनमध्ये. वाटेवरच्या विद्यार्थ्यांना त्रास होऊ नये म्हणून सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने त्यांना खास संरक्षण दिलं होतं. म्हणजे एके काळी कायदा हा सर्वांत फिरस्त्यांचा विषय होता. मग राष्ट्रं आली आणि त्यांच्या संहिता आल्या. फ्रान्सची नागरी संहिता १८०४ ची, जर्मनीची १९०० पासून लागू झालेली. प्रत्येक देशाचा विद्यार्थी आपापल्या ग्रंथापुरता उरला. इंग्लंड तर आधीपासूनच वेगळ्या वाटेने, न्यायालयांच्या निकालांतून कायदा घडवत चाललेलं.

म्हणूनच परदेशी वर्षाचा खरा लाभ दोन कायदे शेजारी ठेवल्यावर दिसतो. समजा, एखादा अनोळखी माणूस नदीत बुडतो आहे आणि काठावरचा पट्टीचा पोहणारा नुसता बघत उभा आहे. इंग्लंडमध्ये शिकलेला विद्यार्थी सांगेल, यात गुन्हा नाही. काही विशेष नातं किंवा जबाबदारी नसेल तर वाचवण्याचं सर्वसाधारण कर्तव्य कायदा लादत नाही. तोच विद्यार्थी पॅरिसला गेला की त्याला दंडसंहितेचं कलम २२३-६ वाचावं लागतं. स्वतःला धोका नसताना संकटातल्या माणसाला मदत न करणाऱ्याला तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आणि ७५ हजार युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. जर्मनीतही असं कलम आहे, शिक्षा एक वर्षापर्यंतची. आपण भारतात इंग्लंडच्याच वळणाचे. मदत न करणाऱ्याला शिक्षा नाही. मात्र रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा ससेमिरा लागू नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४अ घातलं गेलं. माणुसकीच्या एकाच प्रश्नाला ही तीन उत्तरं. ती एकत्र पाहिलेला विद्यार्थी ‘कायदा असाच असतो’ हे वाक्य पुन्हा सहज बोलू शकत नाही.

दुसरं उदाहरण अगदी रोजचं. चौकातल्या टपरीवर तुम्ही वर्तमानपत्र घेतलंत. आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे, समोर ठेवलेल्या तयार वस्तूचा सौदा ठरला की, उलट काही ठरलेलं नसेल तर, मालकी तिथेच बदलते. फ्रान्समध्येही तत्त्व साधारण हेच. जर्मन प्राध्यापक मात्र याच व्यवहारात तीन वेगळे करार दाखवतो: विक्रीचं वचन हा एक, कागदाची मालकी देणं हा दुसरा, पैशांची मालकी देणं हा तिसरा. पहिला रद्द ठरला तरी दुसरा आपोआप रद्द होत नाही. पहिल्या महिन्यात परदेशी मुलांना हा शुद्ध काथ्याकूट वाटतो. फसवणुकीने विकलेला माल तिसऱ्याच्या हाती गेल्यावर काय, हा प्रश्न आला की त्या तिहेरी मांडणीची ताकद समजते.

टपालाने पाठवलेल्या स्वीकृतीचंही तसंच. इंग्लंडमध्ये १८१८ च्या एका लोकरीच्या सौद्यावरच्या खटल्यापासून नियम असा, की स्वीकृतीचं पत्र पेटीत पडलं की करार झाला. जर्मनीत पत्र पोचल्याशिवाय काहीच झालेलं नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४ दोन्हींच्या मधोमध उभं आहे: प्रस्ताव देणारा पत्र टाकल्याक्षणी बांधला जातो, स्वीकारणारा मात्र ते समोरच्याला कळल्यावर. हे कलम पहिल्या वर्षात आपल्याकडे सगळेच पाठ करतात. त्यामागे निवड होती, हे कळायला दुसरा पर्याय पाहावा लागतो.

कायद्याइतकंच परकं असतं ते उत्तर लिहिण्याचं वळण. जर्मनीत उत्तराची सुरुवात निष्कर्षाने करायची नसते. आधी शक्यता मांडायची, मग संज्ञेची व्याख्या, मग घटना त्या व्याख्येत बसते का याची तपासणी आणि शेवटी निष्कर्ष. प्रत्येक मुद्द्याला हेच चार टप्पे. फ्रान्समध्ये निबंधाचे दोन भाग, प्रत्येक भागाचे पुन्हा दोन उपभाग, आणि त्या आराखड्यालाच परीक्षक निम्मा जीव लावतो. इटलीत बहुतेक परीक्षा तोंडी. प्राध्यापकासमोर बसायचं, आसपास इतर विद्यार्थी ऐकत असतात, आणि संपूर्ण ग्रंथातून कुठलाही प्रश्न येतो. मिळालेले गुण पटले नाहीत तर विद्यार्थी ते नाकारून पुन्हा परीक्षेला बसू शकतो.

गुणांच्या रूपांतरात तर नीट लक्ष घालावंच लागतं. इटलीत ३० पैकी १८ ला उत्तीर्ण. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला उत्तीर्ण आणि १६ म्हणजे दुर्मीळ यश. जर्मन विधि शाखेत १८ पैकी ४ ला उत्तीर्ण, आणि ९ मिळवणाऱ्याकडे आदराने पाहतात. इंग्लंडमध्ये ७० टक्क्यांना प्रथम वर्ग. जर्मनीतले ९ गुण सरळ पन्नास टक्के म्हणून मोजले, तर हुशार विद्यार्थ्याचं वर्षच मातीमोल होईल. म्हणून निघण्यापूर्वीच विद्यार्थी, त्याचं विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्यांचा अभ्यास-करार होतो. युरोपात वर्षाचे ६० श्रेयांक आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. कुठले विषय घेणार, त्यांचे किती श्रेयांक मायदेशी धरले जाणार, हे त्या कागदावर असतं. कोर्राडीबाईंच्या हाती १९५८ मध्ये नव्हता तो हाच कागद.

इंग्लंडमध्ये कायद्याची पदवी तीन वर्षांची. परदेशी वर्ष धरलं की चार. करार, फौजदारी, जमीनजुमला, विश्वस्त व्यवस्था हे इंग्लिश कायद्याचे पायाभूत विषय कुणाला चुकत नाहीत, त्यामुळे ते वर्ष जादाच घालावं लागतं. ऑक्सफर्डच्या अशा अभ्यासक्रमात तिसरं वर्ष बाहेर असतं. फ्रान्स, जर्मनी, इटली किंवा स्पेन निवडला तर तिथली भाषा चांगली यावी लागते, कारण व्याख्यानं आणि परीक्षा त्याच भाषेत. नेदरलँड्समधल्या लायडनला मात्र युरोपीय आणि आंतरराष्ट्रीय कायदा इंग्रजीतून शिकता येतो. परदेशी वर्षात इंग्लंडच्या स्थानिक विद्यार्थ्याकडून नेहमीच्या कमाल शुल्काच्या १५ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ही सवलत भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला आपोआप लागू होत नाही, हे प्रवेश घेतानाच विचारून घ्यावं.

ब्रेक्झिटनंतर ब्रिटन इरॅस्मसमधून बाहेर पडलं आणि २०२१ पासून त्याने स्वतःची ट्युरिंग योजना आणली. ती ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्यांना पैसे देते, येणाऱ्यांना नाही. माझ्या मते यात मुळातच खोट होती. आपल्या वर्गात जर्मन आणि इटालियन मुलं येऊन बसली तर न गेलेल्या विद्यार्थ्यालाही ते वर्ष थोडं मिळतं. २०२७ पासून इरॅस्मसमध्ये परतण्याचं ब्रिटनने डिसेंबर २०२५ मध्ये ठरवलं, याचा म्हणूनच आनंद आहे.

आपल्याकडे पूर्ण वर्ष दुर्मीळ, पण एक सत्र शक्य असतं. हॅम्बुर्गच्या बुसेरियस लॉ स्कूलमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला एक सत्र परदेशात काढणं सक्तीचं आहे, आणि त्या बदल्यात तिथे जगभरातून विद्यार्थी येतात. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलसारख्या भारतीय विधि विद्यापीठांतूनही मुलं तिथे जातात. बाकीचे पदवीनंतर एक वर्षाचं एलएलएम करायला निघतात. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएचडीच्या शिक्षणासाठीच आहे. ते उत्तमच, पण तोवर विचारांची चाकोरी पक्की झालेली असते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथं वर्ष बाहेर काढायला जागा आहे, आणि आपल्या विद्यापीठांनी ती द्यावी, असं मला मनापासून वाटतं. जो संपूर्ण पदवीच परदेशात घेतो, त्याची वाट वेगळी. ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेल्या विद्यापीठाची असावी लागते आणि परतल्यावर कौन्सिलची पात्रता परीक्षा द्यावी लागते. त्याशिवाय सनद नाही.

मान्यतेची ही लढाई आपल्याकडच्या माणसांनी कोर्राडीबाईंच्या फार आधी लढली आहे. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या. १८९२ मध्ये विशेष परवानगीने त्या बीसीएल या कायद्याच्या पदवीच्या परीक्षेला बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. स्त्री असल्यामुळे पदवी हाती पडली ती १९२२ मध्ये. त्याच १९२२ साली डॉ. आंबेडकर लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. तिथे त्यांनी नाव घातलं होतं १९१६ मध्ये. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं, आणि पैसे जमवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले.

युरोपीय वळणाच्या कायद्याची चव घ्यायला मराठी विद्यार्थ्याला विमानाचं तिकीट लागतंच असं नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि मुक्तीनंतरही कायम राहिली. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात आला आहे, पण तत्त्वं जुनीच. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, आणि स्थावर विकायची तर दोघांची संमती लागते. मृत्युपत्राने वाटेल तसं देऊन टाकता येतं ते फक्त अर्धं. उरलेला अर्धा हिस्सा मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी राखीव. फ्रान्समध्येही हाच विचार: एक मूल असेल तर अर्धा, दोन असतील तर दोनतृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीनचतुर्थांश हिस्सा राखीव. इंग्लंडमध्ये मात्र मृत्युपत्र करणाऱ्याला जवळपास पूर्ण मोकळीक आहे, आणि आपल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातही स्वकष्टार्जित मालमत्तेबाबत तसंच.

सप्टेंबर २०१९ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. गोव्यातल्या एका कुटुंबाचं मुंबईत घर होतं आणि वडिलांनी ते मृत्युपत्राने एका मुलीला दिलं होतं. वाद असा, की मुंबईतल्या या घराला कुठला वारसा कायदा लागायचा. न्यायालयाने ठरवलं, की अधिवास गोव्याचा असेल तर मालमत्ता भारतात कुठेही असली तरी गोव्यात लागू असलेली पोर्तुगीज संहिताच लागू होईल. तेव्हा मुंबईत गोव्याच्या अशिलाचं मृत्युपत्र लिहून देणाऱ्या वकिलाला आधी त्याचा अधिवास विचारावा लागतो, आणि मग राखीव अर्ध्या हिश्श्याचा हिशेब मांडावा लागतो.